घरचा जड

गेल्या दहा-बारा वर्षांत बक्षीस मिळालेला कोणताही संशोधनग्रंथ घ्या, त्याचं वजन मी तुम्हाला सांगू शकते. शिलालेखांवरचा तो जाडजूड ग्रंथ? एक शेर सहा छटाक. महसूलपद्धतीचा इतिहास, ज्याच्या लेखकाची उघड्या मोटारीतून मिरवणूक निघाली होती? पुरता शेरही भरत नाही. आत काय लिहिलं आहे ते मात्र विचारू नका. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं नोंदवणं माझं काम आणि वाचणं प्राध्यापकांचं, अशी आमची वाटणी आहे. वजनं मला ठाऊक आहेत ती अकोल्याच्या वामनमास्तरांमुळे.

वामनमास्तर अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवत आणि जठारपेठेत दोन खोल्यांत एकटेच राहत. माझ्या ग्रंथालयाचे ते एकुलते एक बाहेरगावचे सभासद. दर शनिवारी शाळा सुटली की पॅसेंजर पकडून, बडनेऱ्याला गाडी बदलून, छत्री आणि खादीची पिशवी सांभाळत ते माझ्या टेबलापुढे उभे राहत. मागणी एकच असे.

"यंदा कोणाले भेटलं, बाई?"

म्हणजे बक्षीस. विद्यापीठाच्या प्रकाशनांपैकी कोणत्या ग्रंथाला बक्षीस मिळालं हे वर्तमानपत्रात आलं की मास्तरांचं जेवणावरचं लक्ष उडे. तो ग्रंथ माझ्याकडे येईपर्यंत ते मला पोस्टकार्डं टाकत. ग्रंथ आला की घेऊन जात आणि पंधरा दिवसांनी परत आणून देत. परत देताना एकच शेरा, अगदी समाधानाने:

"हलका हाय, बाई. लय हलका!"

मला वाटे, किती परखड वाचक! शेऱ्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा असतो हे कळायला मला दोन वर्षं लागली.

झालं असं, की मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला मी अकोल्याला गेले होते. माझ्याबरोबर कामांची वही असतेच. लग्नाच्या कामांखाली एक ओळ होती: वामनमास्तरांकडून शिलालेख परत आणणे, मुदत टळली. घरी गेले तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "करीमभाईच्या दुकानात हायेत. आज कुस्ती हाय ना."

करीमभाईंचं किराणा दुकान कोपऱ्यावरच होतं. बाहेर सात-आठ माणसं उभी. आत टांगलेला मोठा तराजू, त्याच्या एका बाजूला उघड्याबंब छातीचे करीमभाई आणि दुसऱ्या बाजूला टोपी नीट करणारे वामनमास्तर. मास्तरांच्या हातात माझा शिलालेखांचा ग्रंथ.

"मास्टरसाब, आज कौनसा पहेलवान आणला?" करीमभाईंनी विचारलं.

"शिलालेखवाला. राज्याचं बक्षीस हाय याले."

"दिसाले तं तगडा दिसते."

"पुठ्ठा हाय थो. पुठ्ठ्यावर जाऊ नका."

मास्तरांनी ग्रंथ एका पारड्यात ठेवला. मग पिशवीतून हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला एक गठ्ठा काढला, गाठ न सोडता दुसऱ्या पारड्यात ठेवला, आणि हात मागे घेतले. शिलालेख भुर्रकन वर गेले. गठ्ठा खाली येऊन टेकला.

"घरचा जड!" मास्तर ओरडले. जमलेल्या माणसांनीही "घरचा जड!" म्हणून साथ दिली. एकाने टोपी उडवली. शेजारच्या हलवायाने आधीच बांधून ठेवलेली पेढ्यांची पुडी पुढे केली.

मी पुढे झाले. "मास्तर, हे ग्रंथालयाचं पुस्तक आहे. त्या पारड्यात आत्ता गूळ होता."

"पेपर टाकला हाय ना खाली. अवो, तुमी कवा आल्या? घ्या, पेढा घ्या."

"आणि हे काय आहे?"

"हस्तलिखित हाय. आमच्या घरचं."

"मास्तर, हस्तलिखित म्हणजे फुलस्केप कागद, एका बाजूला लिहिलेले. त्याची छापलेल्या पुस्तकाशी तुलना कशी करता? ते जड भरणारच."

"जड थे जड, बाई," मास्तर शांतपणे म्हणाले. "वजनापुढं सबब चालत नाई."

मी पेढा खाल्ला, हे कबूल करते.

हस्तलिखिताचा विषय होता वऱ्हाडातल्या वावरांची, म्हणजे शेतांची, नावं. गावांना नावं असतात, नद्यांना असतात, तशी आमच्याकडे एकेका वावरालाही असतात. भांडणाचं वावर, सासूचं वावर, निजलेली पट्टी. पटवाऱ्याच्या कागदात ती नसतात, माणसांच्या तोंडात असतात. मास्तरांनी वीस वर्षं हीच नावं गोळा केली होती. आगगाडीत शेजारी बसलेल्या माणसाला ते कुठला, कोण असं काही विचारत नसत. "तुमच्या वावराले काय म्हणतेत?" हाच पहिला प्रश्न. वरूडच्या एका संत्रेवाल्याने "नंबरानं वयखतो जी आमी," असं म्हणत सर्व्हे नंबर सांगितला, तर मास्तर मूर्तिजापूर येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

असं काम असलेला माणूस ते छापायला का पाठवत नाही, हे मला समजत नसे. मी स्वभावाने कामं तडीला नेणारी बाई आहे. मी त्यांना एका कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या: प्रस्तावना लिहिणे, विद्यापीठाला पत्र, हस्तलिखित पाठवणे. मास्तरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "यंदाच्या बक्षीसवाल्याले पहिले पाहू."

जळतो, असं मी मनात म्हटलं. आणि जळतच होते ते. बक्षीस मिळवणाऱ्यांची नावं घेताना त्यांचा ओठ एका बाजूला जाई. "थे अमुक? ज्याले तुरीचं झाड अन् कापसाची पऱ्हाटी सारखीच दिसते? त्याले बक्षीस?" समारंभाचा फोटो वर्तमानपत्रात आला की नेमकी शाल पांघरतानाची जागा ते बोटाने झाकून उरलेला फोटो पाहत.

एक वर्ष कठीण गेलं. बक्षीस मिळालं दोन खंडांच्या कोशाला, चित्रांसकट. दोन्ही खंड पारड्यात चढले आणि पहिल्यांदाच हिरवा गठ्ठा वर गेला. करीमभाईंनी पारडं हलवून पाहिलं, दोरी तपासली, काही उपयोग झाला नाही. पेढे आले नाहीत. पुढच्या शनिवारी मास्तर माझ्यासमोर येऊन बसले ते छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून.

"एवढं काय मनाला लावून घेता," मी म्हटलं. "तुमच्याकडे नवी नावं जमली असतीलच. पाच-पन्नास पानं वाढवा की."

"नाई." ते एकदम म्हणाले. "त्यात आता भर पडत नाई."

मग अचानक त्यांचा चेहरा उजळला. "बाई, एका गड्यासंगं दोघं एकाच वेळी कुस्ती खेळतेत काय?"

त्या संध्याकाळी दोन्ही खंड वेगवेगळे तोलले गेले. घरचा दोन्ही वेळा जड.

मत्सरासाठी मी मास्तरांना नावं ठेवू नयेत, हे मला माहीत आहे. माझंही एक दुखणं होतं. प्रत्येक संशोधनग्रंथाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश असतो. त्यात पुण्याच्या ग्रंथपालांचे आभार असतात, मुंबईच्या ग्रंथपालांचे असतात, परदेशातल्या ग्रंथपालांचेही असतात. अमरावतीच्या कधीच नाहीत. यांतल्या तीन ग्रंथकारांना मी स्वतः संदर्भ काढून पाठवले होते, आठवण म्हणून दुसरं पत्रही टाकलं होतं. तेव्हा नवा ग्रंथ आला की शिक्का मारण्याआधी मी ऋणनिर्देशात डोकावत असे.

डोकावत असे म्हणजे अक्षरशः. विद्यापीठाची पुस्तकं तेव्हा कडा न कापता येत. छापलेला मोठा कागद घडी घालून शिवलेला. घड्या सुरीने उघडल्याशिवाय आतली बरीच पानं वाचताच येत नसत. आमचा शिपाई हे काम फूटपट्टीने करी आणि पानांच्या झालरी करी. म्हणून मी नियम केला होता: पहिल्या वाचकाने स्वतःच पानं उघडावीत, पुस्तकाबरोबर सुरी मिळेल. मला मात्र सुरी लागत नसे. घडीत एक डोळा घालून, नळीतून पाहावं तसं मी आभार वाचत असे. नाव नाही हे कळलं की शिक्का जरा जोराने बसे.

मग शेर गेले आणि किलो आले. सरकारी वजनं बदलली, करीमभाईंनी नवी वजनं आणली, आणि मास्तर शनिवारी हजर.

"बाई, जुने आठही ग्रंथ द्या. ग्रॅममधी नोंद करा लागते."

"एका वेळी दोनच पुस्तकं मिळतात."

"सरकारनं माह्या वहीतले आठ वर्षांचे शेर एका दिवसात बंद केले, तुमाले सहा पुस्तकं जास्त होऊन राहिलीत?"

मी दिली. आठवड्याने आठही एकत्र परत आली, आणि इतकी एकदम हातात आल्यामुळे मला एक गोष्ट दिसली. एकाही पुस्तकाची पानं उघडलेली नव्हती. शिलालेख बंद, महसूल बंद, कोशाचे दोन्ही खंड बंद. प्रत्येकात फक्त पहिली दोन-तीन पानं अतिशय नीट, सरळ रेषेत कापलेली. शिपायाच्या फूटपट्टीने नव्हे, सुरीने. आणि ती पानं ऋणनिर्देशाची होती.

पुढच्या शनिवारी मी आठही ग्रंथ टेबलावर ओळीने मांडून बसले.

"मास्तर, बसा. ह्यांतलं एकही पुस्तक तुम्ही वाचलेलं नाही."

मास्तरांनी ओळीकडे पाहिलं. "बाकी कोणी वाचलं?"

आमच्या कॉलेजात त्या वेळी तीन प्राध्यापक त्याच विषयांत डॉक्टर होते.

"पण तुम्ही तर आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना सांगितलंत, की महसूलवाल्याचं नववं प्रकरण कच्चं आहे!"

"मंग? थे काय म्हणले?"

"म्हणाले, अगदी खरं आहे."

"पाहा. पटलं ना त्याईले."

मी हसू आवरलं आणि पहिलं पुस्तक उघडलं. "आणि हे काय? ऋणनिर्देशात पेन्सिलीचा ठिपका. आठही पुस्तकांत, एकाच जागी. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खूण करायची नाही, हा नियम दाराशी लावला आहे."

ठिपका होता तो बायकोच्या ओळीपाशी. 'माझ्या पत्नीने हस्तलिखिताची स्वच्छ प्रत करून दिली, तिचे आभार मानणे तिला आवडणार नाही', अशा धर्तीची ओळ प्रत्येक ग्रंथात असते. मास्तरांनी चष्मा लावला. आवाज चढला, पण तो माझ्यावर नव्हता.

"कोठी टाकली पाहा बायकोले. कुलगुरू वर. छापखान्याचा मॅनेजर वर. कार्यालयाचा शिपाई, थोही वर. अन् त्याच्याखाली ही! हजार पानं लिवून देल्ली तिनं!" ते थांबले. मग हळू म्हणाले, "तरी टाकली तं हाय. छापून तं आलं नाव."

आणि उठून गेले. छत्री माझ्या टेबलाला टेकून तशीच राहिली.

त्याच आठवड्यात विद्यापीठाचं परिपत्रक आलं: वऱ्हाडाविषयीचं मौलिक लेखन, लेखक कॉलेजातला नसला तरी, विद्यापीठ छापेल, हस्तलिखित महिनाअखेरपर्यंत पाठवावे. मी वहीत दोन ओळी लिहिल्या, मास्तरांची छत्री आणि मास्तरांचं हस्तलिखित, आणि रविवारी अकोल्याला गेले.

मास्तरांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि ट्रंकेवर ठेवून दिलं.

"पाठवायचं नसेल तर कारण सांगा," मी म्हटलं. "भीती वाटते? नाकारतील म्हणून?"

मास्तर उठले. कोनाड्यातून हिरवा गठ्ठा काढला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर त्याची गाठ सोडली.

मास्तरांचं अक्षर मला चांगलं परिचयाचं. पोस्टकार्डावर मुंग्यांची रांग फुटल्यासारखं दिसतं. ह्या पानांवर तसं काही नव्हतं. गोल, सुटं, ताठ अक्षर. प्रत्येक वावराच्या नावाखाली दुहेरी रेघ. उजवीकडे सारखा समास, त्यात बारीक टिपा. सहाशेच्या वर पानं आणि एकही खाडाखोड नाही.

"हे अक्षर कोणाचं?"

"गोदाचं."

गोदाबाई मास्तरांच्या पत्नी, वलगावच्या. मास्तर हातात वही घेऊन गावात गेले की लोक उभे राहत आणि पटवाऱ्याच्या कागदातलं नाव सांगत. गोदाबाई वावरातलं तण निंदणाऱ्या बायांबरोबर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भाकर खायला बसत आणि खरं नाव घेऊन येत. अर्ध्याहून जास्त नावं त्यांनी आणलेली. प्रत पुरी झाली आणि सहा महिन्यांत त्या गेल्या. त्याला अकरा वर्षं झाली होती.

"पाठवाले निंगालोच होतो मी," मास्तर म्हणाले. "म्हटलं, पहिले छापखाना कसा असते थे पाहून येऊ. गेलो. अवो बाई, थे लोक पानं कापतेत! कैचीनं! एक तुकडा ह्या कंपोझिटरले, एक त्याले. शाईचे आंगठे. जुळवून झालं का टोपल्यात. म्या विचारलं, वापस भेटते काय? थो हासला."

"मग दुसरी प्रत करायची होती."

"बसलो तं होतो. चार डाव बसलो." त्यांनी चष्मा पुसला. "तिच्या अक्षरातलं माह्या अक्षरात येऊन राहिलं का मले वाटे, मी पुसूनच राहिलो."

मी त्या माणसाला आठ वर्षं बक्षिसासाठी जळताना पाहिलं होतं. त्यांना शाल नको होती. शिपायाच्या खालची ती एक ओळ त्यांना हवी होती, आणि ती छापायची तर आधी हा गठ्ठा कैचीखाली द्यायला हवा होता.

भावूक होऊन कामं होत नाहीत, म्हणून मी वही उघडली. "प्रत मी करते. दर शनिवारी वीस पानं आणायची, माझ्यासमोर बसायचं, पानं परत घेऊन जायची. महिनाअखेर गाठता येणार नाही. विद्यापीठाला मुदतीसाठी मी लिहिते."

"तुमी? तुमचं अक्षर कसं हाय?"

"आठ वर्षं माझ्या हातची पुस्तकांची कार्डं पाहता आहात."

"हाय तसं बरं," मास्तर म्हणाले. "पण तिचं जड होतं."

पुढचं सगळं वर्ष शनिवार दुपार त्यात गेली. मास्तर पिशवीतून वीस पानं मोजून काढत, माझी दौत पानांपासून हातभर लांब ठेवत आणि समोर राखणदारासारखे बसत. मी शिंकले तरी पानांवर हात धरत. मी टंकलेखनाच्या पातळ कागदावर लिहीत असे, ग्रंथालयात तोच होता.

आणि लिहिताना मला त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा वाटू लागला. हेवा कसला, मी जळतच होते. यादी करण्यात माझा हात धरणारं अमरावतीत कोणी नाही असा माझा समज होता. गोदाबाईंची यादी पाहिली आणि तो गेला. 'रुसकी' ह्या वावराच्या समासात त्यांनी लिहिलं होतं: 'पाऊस इथे सगळ्यांत शेवटी येतो म्हणून. पटवाऱ्याच्या कागदात लांबट पट्टी आहे. बाया रुसकी म्हणतात. पुरुषांना विचारू नये, ते लाजतात.' दुसऱ्या एका ठिकाणी: 'हे नाव ह्यांना आधी मिळाले असे ह्यांना वाटते. वाटू द्यावे.' मी माझ्या घरी गेल्यावर माझी वही पाहिली. गव्हाचं दळण, विम्याचा हप्ता, सासूबाईंचा चष्मा. आमच्या यजमानांनी ती वही एकदा डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली होती. ह्या बाईच्या यादीला मात्र नवरा वर्षाच्या वर्षी पेढे वाटत होता.

माझ्या तीन पत्रांनंतर विद्यापीठाने पुढच्या वर्षी प्रत घेतली. त्यानंतर दीड वर्षाने ग्रंथ आला. कडा न कापलेला, नेहमीसारखा. मी शिक्का बाजूला ठेवला, सुरी घेतली आणि पहिली पानं उघडली. ह्या वेळी घडीतून डोकवायची मला गरज वाटली नाही. नाव असणारच होतं.

ऋणनिर्देश एका ओळीचा होता. 'ही नावे गोदावरीने गोळा केली व लिहून काढली.' खाली काही नाही. कुलगुरू नाहीत, शिपाई नाही. आणि अमरावतीच्या ग्रंथपालही नाहीत.

मी पान उलटलं, मागे पाहिलं, शेवटची पानंही कापून पाहिली. मग वहीत लिहिलं: अकोला, मास्तर, जाब. अख्खं वर्षभर शनिवार दुपारी घासलेल्या माझ्या उजव्या अंगठ्याकडे पाहत मी गाडीत बसले.

मास्तर दुकानातच होते. गर्दी नव्हती. त्या वर्षीचं बक्षीस दुसऱ्याच ग्रंथाला मिळालं होतं, तो ग्रंथ फळीवर पडला होता, तोलून झालेला. करीमभाई पाटीवर काहीतरी लिहीत होते.

"मास्तर," मी बसायच्या आधीच म्हटलं, "ऋणनिर्देशात माझं नाव नाही."

मास्तरांना खरंच नवल वाटलं. "तुमी तं हायेत ना."

"म्हणजे?"

"जे समोर हाय, त्याचे आभार तोंडानं मानता येते. जे नाई, त्यालेच छापा लागते."

"मग माना की तोंडानं. मी समोर उभी आहे."

राज्यातल्या विद्वानांना हलका, कच्चा, पुठ्ठा म्हणणारा हा माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, करीमभाईंकडे पाहिलं. ओठ दोनदा हलले. कान तेवढे लाल झाले.

"बोलो ना, मास्टरसाब," करीमभाई म्हणाले.

मास्तरांनी पिशवीत हात घातला आणि एक गठ्ठा काढून तराजूजवळ ठेवला. हिरवा नव्हता. वर्तमानपत्रात बांधलेला. आत पातळ कागद, कैचीने कापलेले आणि मागून खळीने पुन्हा जोडलेले, प्रत्येकावर काळे आंगठे. अक्षर माझं.

"हे कुठून आणलं?"

"छापखान्यातून. दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. टोपल्यातूनच काढा लागलं. सात पानं नाई भेटली." ते अजून माझ्याकडे पाहत नव्हते. "करीमभाई, सांगा यायले."

करीमभाईंनी पाटी माझ्याकडे फिरवली आणि मोठ्याने वाचून दाखवली. "पहला नंबर, गोदाभाभी. तीन किलो एकशेचाळीस. दुसरा नंबर, लायब्ररीवाल्या बाई. दोन किलो आठशेवीस. बक्षीसवाला तीसरा. एक किलो चारशेपन्नास."

"आणि आपलं छापलेलं?" मी विचारलं.

"थे हलकं हाय, बाई," मास्तर म्हणाले. "लय हलकं."

आणि हलवायाने बांधून ठेवलेली पुडी माझ्या हातात दिली. ह्या वेळी ती नुसती माझ्यासाठी होती.

मी काहीतरी कोरडं बोलणार होते. सात पानं मिळाली असती तर आकडा बदलला असता, कागद पातळ होता, असं. तेवढ्यात मास्तर हिरव्या गठ्ठ्याकडे वळले. पारड्यातून तो दोन्ही हातांनी उचलला, लुगड्याची गाठ घट्ट केली, वरची धूळ फुंकली आणि काखेत नीट धरला.

"चाल गोदा," ते हळूच म्हणाले. "झालं. घरी जाऊ."

करीमभाई वजनं लावू लागले. मी पाटी पुन्हा एकदा वाचली.

बडनेऱ्याला गाडी बदलताना मी पेढे मोजले, पाच होते. एक खाल्ला आणि वही काढली. 'जाब' ह्या शब्दावर रेघ मारली. खाली वजाबाकी करून पाहिली, दोनदा. तीनशे वीस ग्रॅम.

जाड कागदावर लिहायला हवं होतं.